शाळेवर नजर कुणाची?

इंदापूर तालुक्याचे नाव महसुलाच्या इतिहासात मानाने घेतले जाते. कंपनी सरकारच्या अमलात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली जमिनीची आकारणी इथे पार फसली होती. धारा इतका जड बसला की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्याने मोजणी करून तीस वर्षांसाठी धारा ठरवला, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. शाळांवरच्या देखरेखीच्या प्रकरणात ही जमाबंदी कुठून आली, असे वाचकाला वाटेल. पण गावच्या शाळेचा खर्च पुढे याच धाऱ्याला जोडला गेला. १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडासाठी घेतला जाऊ लागला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. शेतकऱ्याच्या खिशातून पैसा निघाला, त्यातून शाळा निघाली, आणि शाळेमागोमाग ती तपासणारा साहेब आला.

हा क्रम लक्षात ठेवला की आजची सगळी रचना उलगडते. शेजारच्या बारामती शहरातून भिगवणच्या रस्त्याने जाताना किंवा निमगाव केतकीवरून इंदापूरकडे येताना अनेक शाळा दिसतात. कुठे जिल्हा परिषदेची कौलारू किंवा पत्र्याची मराठी शाळा, कुठे संस्थेचे अनुदानित हायस्कूल, कुठे पिवळ्या बसगाड्या उभ्या असलेले इंग्लिश मीडियम स्कूल. या सगळ्या शाळांवर एकाच खात्याची नजर आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. खाते एकच असले तरी नजर सारखी नाही. ज्या शाळेत सरकारचा पैसा जितका जातो, तितकी तिथली तपासणी दाट होते. जिथे पैसा जात नाही तिथे ती विरळ होत जाते. आणि पालकांची फरफट होते ती नेमकी या विरळ जागी.

मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते १८५५ मध्ये उभे राहिले. चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने दोन गोष्टी एकदम सांगितल्या होत्या: खासगी शाळांना सरकारने अनुदान द्यावे, आणि त्या शाळा तपासायला निरीक्षक नेमावेत. त्या निरीक्षकाच्या हाताखालच्या डेप्युटी इन्स्पेक्टरला गावोगावच्या लोकांनी ‘दिपोटी’ करून टाकले. दिपोटी यायचा दिवस म्हणजे पोरांना स्वच्छ सदरे, मास्तरांना धाकधूक आणि फळ्यावर सुवाच्य अक्षर.

त्याच काळात, मे १८७५ मध्ये, आज बारामती तालुक्यात असलेल्या आणि तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडणाऱ्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. ज्या कागदावर अंगठा उमटवला त्यात काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. शिक्षणासाठी पट्टी भरणारा आणि शिक्षणावाचून नाडला जाणारा माणूस एकच होता. ही गोष्ट सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडली ती जोतीराव फुले यांनी. ऑक्टोबर १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शेतकऱ्यांच्या पैशातून उच्चवर्गीयांचे उच्च शिक्षण पोसले जाते हे तर सांगितलेच. पण त्याच निवेदनात तपासणीबद्दलही एक परिच्छेद आहे आणि त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. प्राथमिक शाळांवरची देखरेख अपुरी व सदोष आहे, दिपोटीच्या वर्षातून एका भेटीने काही साधत नाही, निदान दर तीन महिन्यांनी शाळा तपासली जावी आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देता भेटी द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. गावच्या आणि तालुक्याच्या इतर अधिकाऱ्यांच्या मागे आधीच नाना कामे असल्याने त्यांच्या भरवशावर राहू नये, हेही त्यांनी बजावले होते. एकशेचाळीस वर्षांपूर्वीचे हे निवेदन आजच्या एखाद्या पंचायत समितीच्या सभेत वाचून दाखवले, तर त्यातला एकही मुद्दा जुना वाटणार नाही.

पुढे प्राथमिक शाळा लोकांनी निवडलेल्या मंडळांकडे आल्या. १९२३ च्या कायद्याने त्या लोकल बोर्डांकडे दिल्या, तर १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा मंडळांवर सरकारी प्रशासकीय अधिकारी बसवून लगाम पुन्हा आपल्याकडे ओढला. १९३० च्या दशकात काटेवाडीच्या शारदाबाई पवार पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या, तेव्हा बारामती भागातली एक बाई जिल्ह्याच्या कारभारात बसते ही केवढी मोठी गोष्ट होती! १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यातली प्राथमिक शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली. जिल्हा परिषदेत सदस्यांची शिक्षण समिती असते आणि तिच्यापुढे शिक्षणाधिकाऱ्याला उत्तरे द्यावी लागतात. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतरची काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात कुठल्या वाडीवरच्या शाळेची भिंत पडली, कुठे मास्तर नाही, हे सभागृहात उभे राहून विचारणारे कुणी नव्हते. देखरेखीचा हा लोकांचा हिस्सा होता आणि तो गेल्याची चर्चा फारच कमी झाली.

आजची साखळी थोडक्यात अशी. वर शिक्षण आयुक्त आणि संचालक, त्यांच्याखाली पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांसाठी पुण्यात बसणारे विभागीय शिक्षण उपसंचालक. जिल्ह्याला प्राथमिक आणि माध्यमिक असे वेगळे शिक्षणाधिकारी. तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी, आणि दहाएक शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक केंद्रप्रमुख. गावाला शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात पाऊण सदस्य पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतून आणि सचिव मुख्याध्यापक. बारामती नगरपरिषदेच्या प्राथमिक शाळांची व्यवस्था याहून वेगळी आहे. त्या नगरपरिषदेच्या म्हणून चालतात.

या साखळीतला सर्वांत मोलाचा दुवा कोणता म्हणाल, तर केंद्रप्रमुख. उपसंचालक वर्गात येत नाहीत, येऊ शकतही नाहीत. केंद्रप्रमुख मात्र मोटारसायकलवरून वस्तीवर पोचतो. तिसरीतल्या पोरीला जोडाक्षर वाचता येते का, हातच्याची वजाबाकी कळली आहे का, खिचडीत डाळ किती आहे, स्वच्छतागृहाला पाणी आहे का, हे त्याला डोळ्यांनी दिसते. महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते तीही त्याच्याच पुढाकाराने. शाळेतल्या शेरेबहीत तो जे लिहून जातो, ते खरे तर जिल्ह्यातल्या कुठल्याही अहवालापेक्षा जास्त खरे असू शकते. राज्यात अशी ४,८६० पदे आहेत आणि त्यांतली बरीच पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. मग एकाकडे दोन केंद्रे, किंवा एखाद्या मुख्याध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार. त्यातच यूडायस आणि सरल या ऑनलाइन प्रणालींतल्या नोंदी, शालेय पोषण आहार, आधार जुळणी, वेगवेगळ्या अभियानांचे फोटो आणि ‘माहिती तात्काळ पाठवा’ असे व्हॉट्सअॅपवरचे निरोप. फुल्यांनी नाना कामांत गुंतलेल्या गावकामगारांबद्दल जे म्हटले, ते आज खुद्द शिक्षण खात्यातल्या माणसालाच लागू झाले आहे. माझ्या मते तालुक्यातल्या शिक्षणाची प्रकृती कळायची असेल तर निकालांचे तक्ते बाजूला ठेवून एवढेच विचारावे: केंद्रप्रमुखाची खुर्ची भरलेली आहे का, आणि तो महिन्यातले किती दिवस वर्गात असतो?

वर्दी न देता तपासणी करण्याचा फुल्यांचा मार्ग सरकारने एकदा मोठ्या प्रमाणावर वापरला. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. हजर मुलांच्या बोटाला मतदानाला लावतात तशी शाई लावली गेली, कारण एकाच मुलाला दोन-तीन शाळांच्या पटावर उभे करण्याची चाल ठाऊक होती. कागदावरची लाखो मुले वर्गात सापडली नाहीत. शिक्षकांची पदे, अनुदान, धान्य हे सगळे पटावर ठरते. म्हणून पट फुगवण्याचा मोह होतो. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र क्रमांक, ‘सरल’ प्रणाली आणि आधारची जोडणी आली. प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो. पहिले २७ म्हणजे महाराष्ट्र, त्यापुढचे २५ म्हणजे पुणे जिल्हा, मग तालुका, गाव आणि शेवटी शाळा. हा क्रमांक संकेतस्थळावर टाकला की शाळेतले शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांची माहिती कुणालाही पाहता येते. पालकांनी हे एकदा करून पाहावे. शाळेने सरकारला काय सांगितले आहे आणि आपले मूल रोज काय पाहते, यांतला फरक तिथे चटकन लक्षात येतो.

आता पटाचीच एक गोष्ट, जी बारामती-इंदापुरात इतर कुठल्याही भागापेक्षा ठळक दिसते. कोणत्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे ‘संच मान्यते’ने ठरते, आणि संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यापुढे नव्वदपर्यंत तीन, असे शिक्षण हक्क कायद्याचे मापटे आहे. हिशेब स्वच्छ आहे. पण माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, या कारखान्यांची धुराडी पेटतात ती दिवाळीच्या आगेमागे. तेव्हा बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात, आणि त्यांच्याबरोबर पोरेही येतात. ही पोरे ३० सप्टेंबरला आपल्या गावच्या पटावर मोजली गेलेली असतात. म्हणजे हंगामात गावची शाळा रिकामी होते पण तिच्याकडे शिक्षक असतो, आणि कारखान्याजवळच्या शाळेत मुले वाढतात पण शिक्षक वाढत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की टोळ्या परततात, तेव्हा वार्षिक परीक्षा दारात उभी असते.

कायदा याबाबत मोघम नाही. आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत दाखल करून घेणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे नववे कलम सांगते. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. नंतर मुलांना जवळच्या नियमित शाळेत घालण्याचे धोरण आले, गावाकडे हंगामी वसतिगृहे आली, आणि मुलाने सोबत न्यायचे शिक्षण हमी कार्ड आले. गावच्या शाळेने ते द्यायचे, इकडच्या शाळेने ते पाहून मुलाला वर्गात बसवायचे आणि परतताना त्याच्यावर नोंद करायची. ही कल्पना उत्तम आहे. पण ती चालते केवळ एका अटीवर: कुणीतरी कोपीवर जाऊन मूल शोधले पाहिजे. पहाटे आई-बाप फडात गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी आपण होऊन शाळेत येत नाही. जे शिक्षक आणि केंद्रप्रमुख हंगामात कोप्या धुंडाळतात, त्यांचे काम कुठल्याही गुणवत्ता यादीत दिसत नाही. वीटभट्ट्यांवरही हेच चित्र असते. ३० सप्टेंबरबरोबर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या शाळांसाठी हंगामात दुसरी एखादी मोजणी धरावी आणि चार-पाच महिन्यांसाठी शिक्षक द्यावा, ही मागणी मला अगदी वाजवी वाटते.

अनुदानित हायस्कुलांकडे वळू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काढलेली रयत शिक्षण संस्था, महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी, १९७२ मध्ये सुरू झालेले विद्या प्रतिष्ठान, आणि तालुक्यातल्या कितीतरी लहानमोठ्या संस्था या भागात शाळा चालवतात. शाळा संस्थेची, पगार सरकारचा, अशी ही व्यवस्था असल्याने इथल्या देखरेखीचा केंद्रबिंदू वर्गापेक्षा नेमणुकीवर असतो. पूर्वी संस्थाचालकाच्या मर्जीने मास्तर ठेवला आणि काढला जाई. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनी त्याला आळा घातला. चौकशीशिवाय कायम शिक्षकाला काढता येत नाही आणि काढले तर त्याला तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. खासगी शाळेतला शिक्षक संस्थेच्या अध्यक्षासमोर ताठ उभा राहू शकला, तो या कायद्याच्या बळावर.

पण त्याच व्यवस्थेचे दुसरे टोक म्हणजे मान्यतेची फाईल. नेमणूक झाली की माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते, मग पगाराच्या शालार्थ प्रणालीत क्रमांक, मग वेतन पथकातून पगार. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून बरेच दूर. मुख्याध्यापक आणि लिपिक एसटीने सकाळी निघतात आणि फाईलीत एक त्रुटी निघाली की तसेच परत येतात. २००१ नंतर ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मान्यता मिळालेल्या शाळांचे हाल तर विचारू नका. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला गेला, पुढे वीस टक्क्यांच्या टप्प्याने अनुदान सुरू झाले, आणि त्याची वाट पाहता पाहता किती शिक्षकांची उमेद गेली! कुणी दूध घातले, कुणी दुसऱ्याच्या शेतात राबले. जिथे एका सहीवर आयुष्यभराचा पगार अवलंबून असतो, तिथे सहीला किंमत येते. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांवर पगार काढल्याचे प्रकरण बाहेर आले आणि शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. पहारेकऱ्यावर पहारा कुणाचा, हा प्रश्न त्यामुळे टाळता येणार नाही. भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून गुणवत्तेने व्हावी, हा २०१७ पासूनचा प्रयत्न त्याच्या उत्तराचा एक भाग आहे.

राहिल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा. २०१२ च्या कायद्याने त्यांना वाट मोकळी केली. परवानगी थेट राज्य सरकार देते आणि अनुदान मात्र कधीच मागायचे नाही, ही अट. केंद्रीय मंडळाची शाळा असली तरी आधी राज्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. पहिली ते आठवीचे वर्ग चालवायचे तर शिक्षण हक्क कायद्याखालची मान्यता हवी. तिच्याशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दर दिवसाला दहा हजार. दर उन्हाळ्यात शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, ती प्रवेश घेण्याआधी वाचावी. बसगाडीची तपासणी मात्र शिक्षण खाते करत नाही. ते काम बारामतीच्या परिवहन कार्यालयाचे, म्हणजे गाडीवर एमएच ४२ लिहिणाऱ्या कार्यालयाचे. शाळेची परिवहन समिती असणे २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे.

फीबद्दल गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार घेऊन गेलेले पालक बहुधा निराश होऊन परततात. कारण फी ठरवण्याचा अधिकार त्यांना नाहीच. २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने तो पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला दिला आहे, आणि तिच्यातले पालक सोडतीने निवडले जातात. व्यवस्थापनाने सहा महिने आधी प्रस्ताव ठेवायचा, समितीने तो तपासायचा, एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बदलायची नाही. समितीने मान्य केलेल्या आणि व्यवस्थापनाने मागितलेल्या फीत पंधरा टक्क्यांहून जास्त अंतर राहिले तर प्रकरण विभागीय समितीकडे जाते. पुढे दुरुस्ती होऊन पालकांना दाद मागायची तर किमान पंचवीस टक्के पालक एकत्र हवेत, अशी अट घातली गेली. शहरात हे अवघड आहेच. तालुक्याच्या गावी, जिथे संस्थाचालक हा कारखान्यातला, बँकेतला किंवा भावकीतलाच ओळखीचा माणूस असतो, तिथे ते जवळपास अशक्य होते. ही अट चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. एका पालकाचीही तक्रार खरी असू शकते.

या शाळांत सरकारचा पैसा जाण्याची एकच वाट आहे, ती पंचवीस टक्के राखीव जागांची. लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या आणि वंचित घटकांतल्या मुलांना तिथे मोफत प्रवेश मिळतो. सोडत राज्य पातळीवर निघते, पण कागदपत्रांची पडताळणी तालुक्यात, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागा देण्यातून सूट. खेड्यात आणि तालुक्याच्या गावी हाकेच्या अंतरावर झेडपीची नाहीतर संस्थेची शाळा असतेच. त्यामुळे बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांत राखीव जागांची तरतूद जवळजवळ पुसलीच गेली असती. मुंबई उच्च न्यायालयाने आधी नियमातल्या या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. राखीव जागांवरच्या मुलांपोटी शाळेला दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती ठरलेली आहे आणि तिची थकबाकी हा संस्थाचालकांचा खराखुरा गाऱ्हाण्याचा विषय आहे. पण ती मागायची तर मान्यता चालू असावी लागते, मुले पटावर आणि वर्गात दिसावी लागतात, त्यांच्याकडून वेगळ्या नावाने पैसे घेतलेले नसावे लागतात. एरवी ज्या फाटकाच्या आत विस्तार अधिकारी सहसा जात नाही, तिथे ही मुले दाखल झाली की त्याला रजिस्टर मागण्याचा हक्क मिळतो. गणवेश, पुस्तके, सहलीचे पैसे यांवरून अडवले गेलेल्या पालकांनी तक्रार लेखी करावी, पोच घ्यावी, आणि ती पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे द्यावी. त्या टेबलावर तिची दखल घेणे कायद्याने बंधनकारक आहे.